काचेवरची वाफ आणि न दिसलेले आजोबा

पत्राचा गोषवारा: ३८ वर्षांच्या एक ताई प्रयोगशाळेत पाळीने काम करतात. कधी पहाटे अंधारात दुचाकी काढायची, कधी रात्री उशिरा परतायचं. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन. पाऊस किंवा थंडी सुरू झाली की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते आणि पाठोपाठ चष्म्यावरही. "गार वारा सोसत नाही म्हणून नाकातोंडावरून स्कार्फ घट्ट बांधते, पाणी आत येऊ नये म्हणून हेल्मेटच्या सगळ्या झडपा बंद करते, तरी हे होतंच," असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, "चष्मा काढून खिशात ठेव, रस्ता तुला पाठ आहे." दीर म्हणतात, "वहिनी, अर्धं हेल्मेट घ्या." कामावरच्या मैत्रिणीने काचेला आतून टूथपेस्ट चोळायला सांगितली आहे. मागच्या आठवड्यात पहाटे, रिमझिम पावसात चौकातून वळताना, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारे एक आजोबा त्यांना दिसलेच नाहीत. ब्रेक वेळेवर लागला. आजोबांनी हँडलवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "बाई, दिसलं नाही का?" तेव्हापासून त्या चौकात आल्या की त्यांचे हात थरथरतात. त्या विचारतात: "महागातलं हेल्मेट घेऊ, की एखादा चांगला स्प्रे सुचवाल? आणि बाकी सगळे चालवतातच की, मलाच का जमत नाही?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो तुम्ही एका ओळीत उरकलात, पण जास्त तोच टोचतोय असं पत्र वाचताना जाणवलं. तुम्ही श्वास घेता, म्हणून काच धुरकटते. त्यात जमण्या-न जमण्यासारखं काही नाही. मीही चष्मा लावते आणि २० वर्षांहून जास्त काळ दुचाकी चालवते. सुरुवातीच्या कितीतरी पावसाळी रात्री मी डाव्या हाताने काच वर-खाली करत, घाबरत घाबरत घर गाठलं आहे. बाकीचे चालवतात म्हणजे त्यांना दिसतं, असं धरून चालू नका. बरेच जण अंदाजाने चालवतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

५ जून १९६६ ला युजिन सर्नन हे अंतराळवीर जेमिनी ९-ए यानातून बाहेर, मोकळ्या अवकाशात उतरले. फुगून ताठ झालेल्या सूटमध्ये प्रत्येक हालचालीला जोर लागत होता. त्यांना धाप लागली, घाम फुटला आणि शिरस्त्राणाची काच आतून पार धुरकटली. हात आत घालता येत नव्हता. शेवटी नाकाच्या शेंड्याने काच घासून त्यांनी बघण्यापुरती जागा केली. ठरलेलं काम अर्धवट सोडून त्यांना यानात परतावं लागलं. इतकी तयारी करून गेलेल्या माणसालाही वाफेने आंधळं केलं, तर तुमच्यात काही उणं आहे असं मनात आणू नका.

सर्ननना भोवली ती धाप आणि दमट हवेला न मिळालेली वाट. तुमच्या पत्रात मला या दोन्ही गोष्टी दिसतात.

बाहेर पडणारा श्वास साधारण ३४ अंश सेल्सियसचा असतो आणि बाष्पाने जवळजवळ भरलेला असतो. इतक्या उबदार हवेच्या एका घनमीटरमध्ये ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन राहू शकतं. तीच हवा १५ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यात जेमतेम १३ ग्रॅम मावतं. वाऱ्याने गार पडलेल्या काचेला श्वास टेकला की उरलेलं पाणी तिथेच सुटतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा सोडतो. १५ मिनिटांच्या प्रवासाचा हिशेब केला तर तीन-साडेतीन ग्रॅम पाणी होतं, म्हणजे छोटा चमचा अर्ध्याहून जास्त भरेल इतकं. हे सगळं तुमच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर घडत असतं. ते पाणी काचेवर सपाट पसरलं तर तुम्हाला त्यातून दिसेलही. पण ते लाखो बारीक थेंबांच्या रूपात बसतं, प्रत्येक थेंब प्रकाश विखरतो, आणि समोरून येणारा दिवा पांढरा गोळा होऊन पसरतो.

म्हणून उपाय कोणताही असो, तो तीनपैकी एक काम करतो. ओला श्वास काचेपर्यंत पोचू देत नाही, किंवा काच गार पडू देत नाही, किंवा जमलेलं पाणी थेंबांऐवजी सपाट पसरवतो. कुणी नवं काही सुचवलं तर यातलं ते काय करतं, हे आधी विचारा.

आता स्कार्फ. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, पण मला तोच मुख्य वाटतो. नाकातोंडावर घट्ट कापड असलं की श्वास समोर आणि खाली जाऊ शकत नाही. तो मोकळी फट शोधतो, आणि ती फट असते नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर, थेट चष्म्याच्या खाली. मास्क आणि चष्मा एकत्र वापरलेल्या कुणालाही हे आठवेल. त्यात झडपाही बंद. म्हणजे वाफ आत राहावी याचा बंदोबस्त आपणच पक्का केला. स्कार्फ सोडायला मी सांगत नाही, थंडी खरीच असते. तो नाकाखाली घ्या, मानेभोवती आणि हनुवटीपर्यंत. गळा झाकला की निम्मी थंडी तिथेच अडते. हनुवटीवरची झडप उघडी ठेवा. तिथून येणारा वारा बहुतेक हेल्मेटांत काचेच्या आतल्या अंगाने वर सरकतो आणि तेच तिचं काम आहे. वरची आणि मागची झडपही उघडी असू द्या, म्हणजे आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट राहील. पावसात दोन-चार शिंतोडे आत येतील. ते पुसता येतात.

एक प्रयोग घरीच करा. गार वेळी, अंगणात किंवा गॅलरीत, गाडी न चालवता हेल्मेट घाला, काच बंद करा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. आधी काय धुरकटतं ते नीट बघा. वाफ हेल्मेटच्या काचेवर खालून मध्यभागी उमटली आणि तिथून पसरली, तर श्वास समोर जातोय. चष्म्याच्या खालच्या कडेवर आधी पांढरी रेघ आली, तर तो वर चढतोय. एकदा स्कार्फ लावून बघा, एकदा काढून. पाच मिनिटांचं काम आहे, आणि काही विकत घेण्याआधी ते करायला हवं, कारण काचेचा आजार आणि चष्म्याचा आजार वेगळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

श्वास वर चढत असेल तर ब्रेथ गार्ड बघा. नाकावर बसणारी ही छोटी वाकडी पट्टी श्वास खाली वळवते. पुष्कळ फुल फेस हेल्मेटबरोबर ती येते आणि लोक ती खोक्यातच विसरतात. तुमच्या हेल्मेटचं खोकं माळ्यावर असेल तर एकदा खाली काढा. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मात्र थंडी अडवताना ओली हवाही कोंडतो. पावसाळ्यात तो काढलेलाच बरा.

आणि धाप. जिना उतरून, रेनकोट चढवून, स्टँडवरून गाडी काढून आपण निघतो आणि या सगळ्या खटपटीत हेल्मेट आधीच डोक्यात असतं. ते शेवटी घाला. गाडी चालू करा, चार शांत श्वास घ्या, मग हेल्मेट. केस ओले असतील किंवा आतली गादी कालच्या पावसाने दमट असेल, तर ते पाणीही आतच वाफ होतं. रात्री परतल्यावर हेल्मेट काच उघडी ठेवून पालथं न घालता पंख्याखाली ठेवा.

घरच्यांच्या सल्ल्याकडे येते. तुमचे यजमान काळजीनेच बोलत असतील, पण चष्मा काढण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. उणे साडेतीन नंबर म्हणजे चष्म्याशिवाय तुम्हाला साधारण २९ सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. त्यापलीकडे जे आहे ते धूसर, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या हँडलसकट. रस्ता पाठ असतो म्हणजे त्यातले खड्डे आणि वळणं पाठ असतात. सायकल हातात धरून चालणारे आजोबा कुणाच्याच पाठांतरात नसतात. यजमानांना ही २९ सेंटिमीटरची गोष्ट एकदा मोजपट्टी घेऊन दाखवा. मी आमच्या घरी दाखवली होती. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

दिरांच्या अर्ध्या हेल्मेटचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नाही. चेहरा उघडा असला की वाफ कोंडत नाही. पण मग हनुवटी आणि जबडाही उघडा राहतो, आणि तोंडावर आपटल्यावर त्यांच्या आड काहीच नसतं. शिवाय पावसाचे थेंब वेगात डोळ्यांवर आणि चष्म्यावर आदळतात, त्यामुळे दिसण्याचा प्रश्न तसाच उरतो. वाफ घालवण्यासाठी जबडा उघडा टाकायचा, हा सौदा मला पटत नाही. दुसरं हेल्मेट घ्यायची वेळ आलीच, तर हनुवटीसकट पुढचा भाग वर उचलता येतो ते मॉड्युलर हेल्मेट बघा. चष्मेवाल्यांना ते सोयीचं पडतं. चष्मा न काढता घालता येतं, आणि थांबल्यावर चेहरा झटकन मोकळा करता येतो. चालवताना मात्र पुढचा भाग खाली लावलेलाच हवा.

टूथपेस्ट मुळीच नको. तिच्यात घासणारे बारीक कण असतात आणि हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. तिच्या वरचा कठीण थर टूथपेस्टने ओरखडतो. दिवसा ते कळत नाही. रात्री समोरून दिवा आला की प्रत्येक ओरखडा चमकतो, आणि तो काही पुसला जात नाही. अमोनिया असलेलं काच पुसण्याचं द्रावण, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, यांनी तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जाऊ शकतात. काच तशीच दिसते, पण ठिसूळ होते.

त्याऐवजी साबण वापरा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब धरत नाहीत, पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरतं. पाणबुडे मास्कच्या काचेला आतून थुंकी लावतात त्यामागेही हेच आहे. २०११ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात मास्क घालण्याआधी चष्मा साबणाच्या पाण्याने धुण्याची युक्ती छापून आली होती. ती आपल्यालाही चालते.

मी काय करते ते सांगते. काच हेल्मेटवरून काढून आधी कोमट पाण्याखाली धरायची, म्हणजे धूळ वाहून जाते; कोरडी धूळ कधी घासायची नाही. काच कोरडी झाली की बोटाच्या टोकावर भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा बेबी शाम्पूचा एकच थेंब घ्यायचा आणि आतल्या बाजूने गोल गोल पसरत न्यायचा. काच धूसर दिसू लागते. ती तशीच वाळू द्यायची, मग मायक्रोफायबरच्या मऊ, स्वच्छ फडक्याने हलक्या हाताने चकचकीत होईपर्यंत पुसायची. काचेला काही लावलंय असं दिसतही नाही, तेवढं बरोबर. मग तोंडाजवळ धरून "हा" करायचं. साधी काच दुधासारखी पांढरी होते. ही क्षणभर ओली झाल्यासारखी दिसते, पण पलीकडचं दिसत राहतं. पावसाळ्यात हा थर फार टिकत नाही. दोन-तीन दिवसांनी मी तो पुन्हा देते. एक तपासून घ्या: तुमच्या काचेला आतून कंपनीचाच वाफरोधक थर असेल तर साबण आणि घासण्याने तो निघू शकतो. हेल्मेटबरोबरच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं.

थर पातळच हवा, आणि हे गांभीर्याने घ्या. एप्रिल २००१ मध्ये ख्रिस हॅडफील्ड हे कॅनडाचे अंतराळवीर यानाबाहेर काम करत असताना शिरस्त्राणाच्या काचेला लावलेलं साबणासारखं द्रावण त्यांच्या डोळ्यांत गेलं. आधी एक डोळा, मग दुसरा झोंबू लागला आणि काही वेळ त्यांना दिसेनासं झालं. आपल्या बाबतीतही जाड थर ओला झाला की घामाबरोबर तो डोळ्यांत उतरू शकतो. पुसून पुसून उरतो तेवढाच ठेवायचा.

स्प्रेचं विचाराल तर बहुतेक स्प्रे हेच काम करतात, काही जास्त टिकाऊ असतात. पॉलिकार्बोनेटला चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. बाहेरच्या बाजूने पाणी निसटून जावं म्हणून मिळणारं मेणासारखं द्रव्य चुकूनही आत लावू नका. ते थेंब गोळा करतं, आणि आतून आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

हेल्मेटच्या काचेसाठी सगळ्यात भरवशाची वस्तू मला पिनलॉक वाटते. मोठ्या काचेच्या आत, दोन खुंट्यांवर बसणारी दुसरी पातळ काच. तिच्या कडेने सिलिकॉनची गोट असते, त्यामुळे दोन काचांमध्ये हवा कोंडते. ही हवा बाहेरची थंडी आतल्या काचेपर्यंत पोचू देत नाही. आतली काच ओलावा थोडा शोषूनही घेते. मात्र तुमच्या हेल्मेटच्या काचेला त्या खुंट्या मुळात असाव्या लागतात. घरी भोकं पाडून बसवायच्या भानगडीत पडू नका. दोन काचांच्या मधोमध वाफ दिसली तर गोट सगळीकडून टेकलेली नाही असं समजा. खुंटी किंचित फिरवून ताण वाढवता येतो. पिनलॉकच्या काचेला साबण, स्प्रे काही लावायचं नाही. साधं कोमट पाणी, मऊ फडकं आणि पूर्ण वाळायला वेळ, बस. रात्री दिव्यांच्या फिकट जोड प्रतिमा दिसतात, त्याची सवय व्हायला दोन-चार दिवस जातात.

पण ताई, पिनलॉक चष्म्याला वाचवत नाही. हेल्मेटची काच लख्ख आणि चष्मा पांढरा, असं माझं स्वतःचं झालं आहे. म्हणून घरचा तो प्रयोग आधी करा असं म्हणते. चष्म्यालाही साबणाचं पाणी चालतं, फक्त गरम पाणी नको, आणि भिंगांवर विशेष थर असेल तर कोणतंही द्रावण लावण्याआधी चष्मेवाल्याला विचारा. त्याच्याकडून नाकावरच्या गाद्या थोड्या जुळवून घ्या. चष्मा चेहऱ्यापासून किंचित लांब बसला की मधून हवा खेळते. सरळ आणि बारीक काड्यांची फ्रेम हेल्मेटमध्ये चांगली शिरते. कॉन्टॅक्ट लेन्सने वाफेचा अर्धा प्रश्न सुटतो, पण वाऱ्याने डोळे कोरडे पडणाऱ्यांना त्या त्रास देतात. तो निर्णय डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसून घ्या.

महाग हेल्मेट घ्यावं का? नुसतं महाग आहे म्हणून नको. डोक्याला नीट बसणारं, झडपा खरोखर उघडणारं, पिनलॉकची सोय असलेलं घ्या. हे सगळं तुमच्या आत्ताच्या हेल्मेटमध्ये असेल तर नव्याची गरज नाही.

आता राहिला तो चौक. वाफ सगळ्यात जास्त धरते ती थांबल्यावर, कारण वारा थांबतो आणि श्वास चालू राहतो. सिग्नल लागायच्या आधीच काच एक खाच वर करा, दोन बोटं मावतील इतकी. निघाल्यावर वारा लागला आणि काच स्वच्छ झाली, मगच खाली घ्या. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. "आत्ता वाफ निघेल" म्हणून तीन सेकंद काढले तर ३३ मीटर न बघता गेलात. म्हणून काच न निवळता वळायचं नाही. आणि सगळं करूनही कधी दिसेनासं झालंच, तर वेग कमी करा, इंडिकेटर द्या, काच पूर्ण उघडा आणि कडेला सुरक्षित जागी थांबून पुसा. चालत्या गाडीवर हातमोज्याने पुसू नका. एक स्वच्छ फडकं वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

मधे थांबलं तर कामावर उशीर होतो, असं तुम्हाला वाटत असणार. पाऊस असेल त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघा, आणि पाळीच्या वहीत कधी पाच मिनिटं उशीर लागला तर लागू द्या. आजोबांनी विचारलेला प्रश्न तुम्हाला छळतोय, कारण त्याचं खरं उत्तर "नाही, दिसलं नाही" असं होतं आणि तुम्ही ते स्वतःशी कबूल केलंत. हात थरथरतात त्याची लाज वाटू देऊ नका. काही दिवस त्या चौकात पायी चालाल इतक्या सावकाश वळलात तरी चालेल. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

येत्या आठवड्यात फक्त दोनच गोष्टी बदला: स्कार्फ नाकाखाली आणि हनुवटीची झडप उघडी. साबण नाही, स्प्रे नाही, खरेदी नाही. चार फेऱ्या झाल्यावर आधी काच धुरकटली की चष्मा, आणि चालताना की थांबल्यावर, एवढं मला लिहून कळवा. हेल्मेटच्या काचेला आतून, दोन्ही कडांना खुंट्या आहेत का तेही बघून ठेवा. पिनलॉक घ्यायचं की चष्मेवाल्याकडे जायचं, ते त्यावरून ठरवू.